रामनाथ तांडेल पुलावर जातो

खारदांड्यात रामनाथला डोळ्यांबद्दल विचारायची सोय नव्हती. होडीचा तांडेल तो. सत्तरी ओलांडली तरी सुकाणू त्याच्याच हातात, आणि मुलगा प्रितम बेचाळिसाव्या वर्षीही जाळं ओढायलाच. मुंबईत या वयापर्यंत माणसं सोसायटीचे सेक्रेटरी होऊन राजीनामाही देऊन बसतात.

पण रामनाथचं एक मानायला हवं. समुद्रात पाट्या नसतात. पाण्याखालचा खडक ओळखायचा तो किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून. त्याच्या जुन्या खुणा, कारखान्याची एक चिमणी आणि दोन माड, टॉवरांनी गिळल्या. उरला सी लिंक. हा पूल बांधत होते तेव्हा रामनाथने त्याला घातलेल्या शिव्या दांड्यात अजून लोकांना पाठ आहेत. पुढे मात्र सगळी मदार त्याच्याच खांबांवर. वर पाय कधी ठेवला नाही. "ज्याच्या खालून जातो, त्याच्या डोक्यावर कशाला चढायचं?"

या मोसमात जाळं दोनदा खडकात अडकून फाटलं. दोन्ही वेळा खापर प्रितमवर. प्रितम जाळं शिवत बसला. सून दिपाली गप्प बसणारी नव्हे, पण हुशार. मोतीबिंदूचा म सुद्धा काढला नाही.

"बाबा, रविवारी पुलावर जाऊया. अख्खी मुंबई जाऊन आली, आपणच राहिलो."

पुलावर रिक्षाला बंदी, म्हणून टॅक्सी केली. इस्त्रीचा सदरा घालून रामनाथ पुढे बसला आणि वांद्र्यापासूनच ड्रायव्हरला "जरा डावीकडे दाब" सुरू झालं. पुलावर येताच म्हणाला, "थांबव रे जरा."

"थांबता येत नाही, काका. दंड पडतो."

"कसला रस्ता हा. आम्ही पाहिजे तिथे नांगर टाकतो." मग समोर पाण्याकडे बोट करून तो ड्रायव्हरला ऐकवू लागला, "ती होडी बघ. आमच्या दत्तारामची. भगवा बावटा दिसतो ना? मैलावरून ओळखतो मी."

टॅक्सी जवळ गेली. भगवा रंग खरा होता, पण ती होडी नव्हती. खुणेसाठी नांगरलेला, पाण्यावर डुलणारा बोया होता, वर दोन पक्षी बसलेले.

दिपाली याचसाठी आली होती, पण आता ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागली.

"काय झालं? बोला ना," रामनाथने मागे वळून विचारलं.

"बोया आहे, बाबा," प्रितम म्हणाला.

वरळी आली, टॅक्सी वळून परत पुलाला लागली, तेव्हा रामनाथ म्हणाला, "दोन्ही जाळी माझ्यामुळे फाटली. होळीपासून पुलाच्या दोऱ्या दिसत नाहीत. नुसता खांब, तोही धुरकट. अंदाजाने नेत होतो."

"अंदाजाने? होडीत चार माणसं असतात, बाबा," प्रितम म्हणाला.

"तांडेलाने हे कोणाला सांगायचं रे?"

दिपालीने पाण्याची बाटली पुढे केली.

"उद्यापासून सुकाणू तू धर," रामनाथ म्हणाला. "मी बाजूला बसतो. मोठा खांब निळ्या काचेच्या टॉवरवर आला की वळायचं. त्याच्या आधी वळलास तर खडक."

प्रितमने किनाऱ्याकडे पाहिलं. "निळ्या काचेचे आता चार झालेत, बाबा."

रामनाथने मान मागे टेकली.

"मग तू मोज," तो म्हणाला. "वरळीकडून. आणि मोठ्याने."