उरलेला हिरवा चौकोन

दत्तूकाकांचा फोन आला तेव्हा मी खोपोलीच्या घरी ओट्याशी भेंडी चिरत होते. "विजू गेली गं," एवढंच म्हणाले. साध्या तापाचं निमित्त झालं. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? आता ती तिथं जाणार. जिवंतपणी जिथं जाऊ दिलं नाही, तिथंच आज तिला चौघं खांद्यावरून नेणार... असलं काही मनात आल्याचा स्वतःचाच राग आला.

विजया आणि मी कॉलेजात एका बाकावर बसून वनस्पतिशास्त्र शिकलो. मी शाळेत शिकवायला लागले. ती लग्नाच्या भानगडीत न पडता, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या आपल्या गावात, चुलत्यांच्या, म्हणजे दत्तूकाकांच्या, घरी राहून झाडांमागं हिंडत राहिली. पुढं संगणकाचा कोड लिहायला शिकली आणि मग काय, बाईसाहेबांना दुसरं काही सुचेना. कंदीलपुष्प नावाची एक नाजूक वेल असते, पावसाळ्यात तिला इवल्या कंदिलांसारखी फुलं लागतात. ती जिथंजिथं दिसली त्या जागा, तिथला पाऊस, ऊन, चढ-उतार असं सगळं ती कोडला द्यायची आणि विचारायची, उद्या उष्मा वाढला, पाऊस बिघडला, तर ही कुठं जगेल? उत्तर म्हणून नकाशा यायचा. जगण्याजोगी जागा हिरवी, बाकी राखाडी. हिशोब चालू असेपर्यंत स्क्रीनवर काकांचा जुना टॉवेल टाकून ठेवायची. "बघत बसलं की लाजतो तो," म्हणायची. "अगं, लॅपटॉप आहे की नवी नवरी?" असं मी चिडवायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिनं पुढच्या काळाचा नकाशा काढला. कर्जत-खालापूरचा सगळा पट्टा राखाडी झाला होता, फक्त एक हिरवा चौकोन उरला होता. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तिनं आकडे तपासले, काही जागा मुद्दाम वगळल्या, हिशोबाची पद्धतच बदलून पाहिली. दरवेळी फोन यायचा, "पुन्हा तीच जागा, बाई!" शेवटी आम्ही दोघींनी तो चौकोन उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहिला. रस्ता, फार्महाऊसं, सपाट केलेले प्लॉट... आणि ओढ्याकाठी झाडीचा एकच तुकडा. विजूच्याच गावाचं स्मशान होतं ते. आम्ही पोट धरून हसलो.

तिला तिथं जाऊन बघायचं होतं. "डोळ्यांनी वेल दिसत नाही तोवर हा नकाशा म्हणजे माझी थाप," ती म्हणायची. आयुष्याची इतकी वर्षं घातलेलं काम त्या एका फुलावर अडलं होतं. पण काका ऐकेनात. "बायामानसानं मसनात पाय ठेवायचा नाय, गं. उगीच रिकामं कोन जातं तिथं?" "मग तुम्ही बघून या." "मला काय वळखू येनार हाय ती तुझी वेल?" एरवी काकांचा शब्द न मोडणारी विजू त्या दिवशी म्हणाली, "श्रावणात फुलं आली की मी जाणारच." हाच तो श्रावण.

मी तिरडीमागून चालत गेले. काकांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढं चालत राहिले. शेडखाली चिता रचत होते. मी मागं झाडीत शिरले, तिच्या वतीनं कुणीतरी बघायला हवं होतं म्हणून. आमच्याकडे तिरडीचे बांबू घरी परत नेत नाहीत, तिथंच झाडांना टेकवून ठेवतात. वर्षानुवर्षांचे ते बांबू काळे पडले होते, शेवाळले होते, आणि जवळजवळ प्रत्येकावर कंदीलपुष्पाची वेल चढली होती. फुलं, फुलं... वारा नव्हता, तरी हलत होती. "बघ गं मेले, बघ!" मी ओरडले आणि तोंडावर हात दाबला.

काका मागून येऊन उभे राहिले. "खरपुडी हाय ही," म्हणाले. "ल्हानपनी कंद उकरून खायचो आमी. आता कुटं दिसत नाय. पन हितलं कोन खानार, गं?" इथलं कुणी उकरत नाही, इथं कुणी गुरं सोडत नाही, इथला बांबू कुणी उचलत नाही. यातलं काहीच आम्ही कोडला सांगितलं नव्हतं. तरी त्यानं बोट इथंच ठेवलं. मला फार भीती वाटली, आणि तितकाच आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

दहाव्याला पुन्हा गेलो. विजूचे बांबू अजून हिरवट होते, इतरांशेजारी टेकवलेले. जवळच्या वेलीच्या शेंड्यानं त्यातल्या एकाला वेढा घेतला होता. काकांनी तो पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला कोनी हात लावायचा नाय रं."

परवा मी तिच्या खोलीत बसले. लॅपटॉप होता तिथंच होता, टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला. तिच्या यादीत मी स्मशानातली ती जागा भरली, हिशोब सुरू केला आणि तिच्यासारखाच स्क्रीनवर टॉवेल टाकला. आतला पंखा घरघरत राहिला. काका दारात येऊन उभे राहिले, आत काही येईनात. घरघर थांबली.

"काय म्हनते ती?" त्यांनी विचारलं.

मी टॉवेल उचलला. "पुन्हा तीच जागा, काका."