विलासच्या नावचे फिशपॉन्ड

प्रयोगशाळेत फुटके बीकर आणि डेमॉन्स्ट्रेटरच्या डोक्यात किस्से का साठतात? दोन्ही फेकून द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही म्हणून! वर्ध्याच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तिथले किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक माझ्या मदतीला धावून आलेल्या माणसांचे आहेत. विरोध करणाऱ्यांनी मला कधी इतकं छळलं नाही.

*

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गॅदरिंगला महिना होता. दुसऱ्या वर्षाचा विलास प्रॅक्टिकल संपल्यावरही टेबल पुसत उभा होता. पुसून पुसून टेबलाचा रंग जायची वेळ आली, तेव्हा मीच विचारलं.

"सर, मले कॉलेज सोडाचं हाय."

"काऊन रे?"

त्याने एका मुलाला पत्र लिहिलं होतं. प्रेमपत्रच. ते होस्टेलवर भलत्यांच्या हाती लागलं. अशा मुलांसाठी आमच्याकडे तेव्हा धड शब्द नव्हता, होत्या त्या सगळ्या शिव्या. त्यात गॅदरिंगला फिशपॉन्ड! निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, त्या स्टेजवरून वाचायच्या, आणि ज्याच्या नावची असेल त्याने दात काढत वर येऊन घ्यायची. पहिला आला म्हणून विलासला त्याच दिवशी बक्षीस होतं, आणि ते बघायला वडनेरहून त्याचे वडील येणार होते.

"बाबासमोर माझं नाव वाचलं ना सर, त मी घरी जात नाई. अन् इथंही राहत नाई."

मग कुठे जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फिशपॉन्डची पेटी माझ्या ताब्यात आहे, एवढं मात्र सांगितलं.

*

एकट्याने निभावणार नव्हतं. मी आधी ग्रंथपालांना गाठलं. भला माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "आधी विषयाचा अभ्यास केला पाहिजे." आणि खरोखरच नागपूरहून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले.

मी उघडून बघितलं, तर हा आजार आहे आणि त्यावर विजेचे झटके द्यावेत! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हे विलासच्या हाती पडलं तर?"

"छे! कुणालाच सापडणार नाही अशा जागी ठेवतो."

"कुठे?"

"प्राचार्यांच्या कवितासंग्रहांमागे!"

ते पुस्तक अजून तिथेच असेल.

*

दुसरे पी.टी.चे ठाकरे सर. आवाज असा, की शिट्टीची गरज नाही. मी त्यांना खोलीत नेऊन, दार लावून, हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "त्या पोट्ट्याले कोनी हात लावला त मले सांगजो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी होस्टेलची सगळी मुलं मैदानात रांगेत उभी केली आणि गरजले, "विलासच्या पत्राबद्दल कोनी चकार शब्द काढाचा नाई! ते गुपित हाय!"

तोवर निम्म्या होस्टेलला काही माहीतच नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. ठाकरे सर मात्र खूश. "कसा बंदोबस्त केला?"

*

मग होस्टेलच्या मेसमध्ये विलासशेजारी कुणी बसेना. दोन्ही बाजूंचे पाट रिकामे. मेसच्या यमुनाबाईंना मी काहीही सांगितलं नव्हतं, ठाकरे सरांनंतर मी कुणाला काही सांगायचंच सोडलं होतं. बाईंनी ते रिकामे पाट बघितले आणि वाढणं थांबवलं.

"पंगत भरल्याबिगर पोयी भेटत नाई."

मुलं हसली. बाई परात पुढ्यात घेऊन खुशाल बसून राहिल्या. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी विलासशेजारच्या जागेसाठी ढकलाढकली झाली, कारण पोळी तिथून वाढायला सुरुवात व्हायची!

मी बाईंना विचारलं, "भानगड काय आहे, कळलं का तुम्हाला?"

"कळून काय करू? पोया त तेवढ्याच लागते ना!"

*

गॅदरिंगची सेक्रेटरी शोभा, आंजी गावची. ती लॅबमध्ये येऊन म्हणाली, "सर, विलासचं न् माझं जमलं असं मी सांगून देतो सगळ्यायले."

मी वैतागलो. "अगं, उद्या तुझ्या नावच्या चिठ्ठ्या येतील!"

"येऊ द्या ना. खोट्यासाठी आलेल्या बऱ्या. खऱ्यासाठी आल्या त मी अन् नलू कुठं जाऊ?"

नलू तिची खोलीतली मैत्रीण. मी खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, "बस. चहा घे." विलासला तो बेत मुळीच पटला नाही, म्हणून ते तिथेच राहिलं. पण त्या दिवसापासून मला काळजी तिघांची होती.

*

गॅदरिंग दुपारी होतं. पेटी अर्धा तास आधी उघडायचा नियम. विलासच्या नावच्या चिठ्ठ्यांची मूठभर जुडी निघाली. वाचून माझे कान तापले. ठाकरे सरांच्या देखतच सगळ्या कोटाच्या खिशात कोंबल्या.

बक्षीस झालं. विलासचे वडील तिसऱ्या रांगेत होते, खिशाला पेन लावलेले प्राथमिक शाळेचे गुरुजी. फिशपॉन्ड संपत आले आणि मागून ओरडा सुरू झाला, "विलासचा! विलासचा!" विलास पांढराफटक पडला.

आणि त्याला धीर द्यायला ठाकरे सर गरजले, "भिऊ नको विलास! तुहे सगळे फिशपॉन्ड सरच्या खिशात हायेत!"

गुरुजी उठले, स्टेजवर आले आणि माझ्यापुढे हात केला. मास्तरपुढे माझी काय टाप! जुडी दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी मनातल्या मनात, शेवटपर्यंत वाचली. मग माइकसमोर आले.

"एकाही चिठ्ठीखाली सही नाई. काऊन? ज्यानं लिवली त्यानं यावं, सही करावी."

पेनचं टोपण काढून ते उभे राहिले. कुणी हललं नाही. मी खाली बघत होतो. पायऱ्या वाजल्या म्हणून मान वर केली, तर विलास. त्याने वडिलांच्या हातातलं पेन घेतलं, टेबलावर वाकला आणि एकेक करत सगळ्या चिठ्ठ्यांखाली स्वतःचं नाव लिहिलं.

गुरुजींनी शाई वाळेपर्यंत वाट बघितली. जुडी स्वतःच्या खिशात ठेवली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "रविवारी घरी येजो. तुही माय वाट पाहून राह्यली."