टाक्यातलं पोर

आमच्या ह्यांनी शाळेतून पितळी सूक्ष्मदर्शक घरी आणला, तेव्हा मला वाटलं नव्या तऱ्हेचा स्टोव्हच आला. शाळेत नवीन यंत्र आल्यावर हे जुनं अडगळीत पडलं होतं. विज्ञानाचे मास्तर म्हणून सुट्टीत ते दुरुस्त करायचं काम ह्यांच्या गळ्यात. एकच डोळा लावायचा आणि खालच्या वाटोळ्या आरशात ऊन धरायचं. ऊन सरकलं की टेबलही सरकवायचं.

एका रविवारी सकाळी सुरतच्या आमच्या भाड्याच्या घराच्या चौकात ह्यांनी खेळ मांडला. टेबलावर लांब चादर, त्यावर यंत्र, आणि शेजारच्या बेन पहिल्या प्रेक्षक. मास्तर रंगात आले. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधला एक कापडवाला घरी भिंगं घासायचा, त्या भिंगातून त्यानं पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले, वगैरे.

"कापडवाळो?" बेन म्हणाल्या, "तो तो सुरतनो ज होय!" कापडाचा धंदा करतो म्हणजे माणूस सुरतचाच, असा त्यांचा हिशेब.

मला मिरवायची हौस. "आमच्या टाक्याचं पाणी बघा, काचेसारखं आहे," म्हणत मी चौकातल्या जमिनीखालच्या टाक्याचं लोखंडी झाकण सरकवलं, तांब्याभर पाणी काढलं आणि झाकण तसंच अर्धवट ठेवून टेबलाकडे पळाले. ही चूक माझीच, ती काही मी कुणाच्या माथी मारत नाही.

ह्यांनी थेंब काचेवर घेतला. बेननी डोळा लावला आणि किंचाळल्या, "अरे बेन! तमारा टांकामां पोरा छे! हाले छे, हाले छे!"

सुरतेत पोरा म्हणजे डासांच्या अळ्या. पण माझी आई चार दिवसांपूर्वीच अमळनेरहून आलेली, पायरीवर डाळ निवडत बसलेली. तिला गुजराती ठाऊक नव्हतं. तिनं ऐकलं ते एवढंच की टाक्यात पोर आहे आणि ते हलतंय.

"माय वं! टाकामा पोर पडनी!"

सूप उडालं. डाळ चौकभर. आई टाक्याच्या तोंडाशी पालथी पडून आत हात घालू लागली. मी हसणारच होते. मला गुजराती येत होतं ना! तेवढ्यात अर्धवट झाकण दिसलं. आणि आमची तीन वर्षांची मुलगी कुठेच दिसेना. मी हाका मारल्या. उत्तर नाही. ह्यांनी चष्मा काढून फेकला आणि टाक्यात पाय सोडले. बेन देवाचं नाव घेत रडायलाच लागल्या.

"अगं, बोल ना गं!" आई टाक्यात वाकून ओरडली.

"काय बोलू?" टेबलाखालून आवाज आला.

चादर वर केली. आमचं रत्न गुळाचा खडा दोन्ही हातांत धरून बसलेलं. चोरीचा गूळ, म्हणून हाकेला ओ नाही! एरवी मी पाठीत धपाटा घातला असता. त्या दिवशी तिचे चिकट हात मी माझ्या तोंडावरून फिरवून घेतले. हे टाक्याच्या काठावर, एक पाय आत, एक बाहेर, तसेच बसून राहिले. त्यांना उठवायला दोघी लागल्या.

"में तो मच्छरना पोरा कह्या, मासी!" बेन आईचे हात धरून सांगत होत्या. मी अर्थ सांगितला. आईला पटेना. मग तिनं नातीचं मनगट घट्ट धरलं, एक डोळा मिटला आणि दुसरा भिंगाला लावला. बराच वेळ बघत राहिली.

"हाऊ शे का तुमना पोरा?" ती म्हणाली. "याले तं अंगभर केस शेत!"

आणि हसायला लागली. पदरात तोंड खुपसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आम्ही सगळेच. दुपारी टाकं उपसलं, घासलं, झाकणाला कुलूप घातलं. नातीनं हात दुखतो म्हणून तक्रार केली, पण आईनं उजव्या हातात धरलेलं ते मनगट जेवतानासुद्धा सोडलं नाही. डाव्या हातानं तिला घास भरवला, आणि त्या दिवशी डाव्या हाताचं कुणालाच काही वाटलं नाही.