कागदाविना उघडलेलं कुलूप

चावीवाल्या मावशींचा खाक्या सगळ्या बाजाराला ठाऊक होता. कुलूप उघडायचंय? मग घरमालक समोर उभा करा, नाहीतर कोर्टाचा कागद दाखवा. सख्ख्या जावयालाही त्यांनी एकदा त्याच्याच दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. "जावई आहात, मान्य. पण घर लेकीच्या नावावर आहे. ती आली की उघडते!"

अशा बाईच्या धाकट्या भावाच्या डोक्यात घरात शिरलेल्या चोरानं पहार घातली. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि मारणाऱ्याचा चेहरा काही केल्या आठवेना. मावशींचं डोकं भणभणलं होतं. त्यातच फौजदार दुकानात आले.

"मावशी, एकावर संशय आहे. तो बाहेर गेलाय, खोलीला कुलूप आहे. चला, उघडा."

"कागद?"

"मागाहून आणतो. तोवर तो माल हलवेल ना!"

मावशींनी पिशवी उचलली. कुलूप उघडलं, आणि गादीखाली भावाचं घड्याळ सापडलं, मागे वडिलांचं नाव कोरलेलं. दुसरा पुरावा म्हणाल तर काही नव्हता.

खटल्याच्या दिवशी फौजदारांनी त्यांना जिन्यात गाठलं. "कागद पाहिला म्हणा. तुमचा खाक्या सगळ्यांना माहीत आहे, कोण शंका घेणार?"

तीच तर पंचाईत होती. लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"कोर्टाचा कागद पाहिलात?" आरोपीच्या वकिलानं विचारलं.

मावशींनी भावाकडे पाहिलं. डाव्या हातानं उजवा सावरत तो बसला होता. त्यांना भडभडून आलं, पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही. कागद नव्हताच."

बेकायदा झडतीतलं घड्याळ पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. कागद मागितला असता तर तासाभरात मिळाला असता, असंही म्हणाले. तो माणूस सुटला. फौजदारांनी मावशींशी बोलणंच टाकलं.

घड्याळ तेवढं परत मिळालं. भावाला एका हातानं चावी देता येत नाही, म्हणून रोज सकाळी मावशीच देतात आणि त्याच्या मनगटावर बांधतात. एकदा पट्टा लावताना तो हळूच म्हणाला, "ताई, तासभर थांबायचंस गं."

मावशींचे हात थांबले.

"तुझ्या डोक्याचं रक्त मीच पुसलं होतं रे," त्या म्हणाल्या. "कशी थांबणार होते?"