नेटिव्ह प्लेसचा रकाना

मंगळवारी दुपारी दीड वाजता एमॅन्युएल नावाचा आमचा सिक्युरिटी गार्ड ड्यूटीच्या बसमध्ये चढला नाही. इथे गल्फमध्ये, मुसाफ्फातल्या कॅम्पमध्ये, म्हणजे कंपनीने कामगारांना राहायला दिलेल्या इमारतीत, त्याची खोली उघडी होती. चादरीची घडी केलेली होती. युनिफॉर्मचा शर्ट हँगरला होता. पासपोर्ट आणि फोन नव्हता.

त्याच्या देशात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल आधीच्या गुरुवारी लागला होता. सत्तेवर असलेले अध्यक्षच जिंकल्याचं जाहीर झालं. विरोधी उमेदवाराने निकाल मानला नाही. शुक्रवारी त्याला मानणाऱ्या उत्तरेकडच्या शहरांत गोळीबार झाला आणि त्याच दिवशी देशभरातलं इंटरनेट बंद झालं. देश आफ्रिकेतला आहे. त्याचं नाव लिहीत नाही. इथली माणसांची नावंही बदलली आहेत.

मी त्या कंपनीत एचआर आणि वेल्फेअर बघते. आमच्याकडे त्या देशाचे चौसष्ट गार्ड होते. शनिवारी मी कॅम्पला गेले तेव्हा मेसमधला टीव्ही बंद होता. एरवी एका टेबलावर दहा-दहा जण बसून जेवणारी माणसं ताट घेऊन खोलीत जात होती. बसमध्ये दोघांच्या मध्ये एक सीट रिकामी राहत होती. भांडण कोणीच केलं नव्हतं. कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. राजकारणावर पोस्ट टाकू नये, घोळका करून उभं राहू नये, अशी नोटीस कंपनीने लावली होती. इथे त्या दोन्ही गोष्टींवरून नोकरी जाऊ शकते आणि देशही सोडावा लागू शकतो. पण ही शांतता नोटिशीमुळे नव्हती.

इंटरनेट बंद असलं तरी साधे फोन लागत होते. मी ऑपरेशन्स मॅनेजर देशपांडे सरांकडे गेले. कंपनीच्या लँडलाइनवरून प्रत्येकाला घरी एक फोन करू द्यावा, एवढीच मागणी होती.

"मिनिटाला साडेतीन दिरहम," सर म्हणाले. "म्हणजे ऐंशी रुपये. आणि चौसष्ट माणसं. मर्लिन, सगळ्यांना एकदम नाही जमणार. जिथे गडबड आहे, तिथल्या लोकांना आधी दे."

"म्हणजे कोण कुठला ते विचारावं लागेल."

"विचार की. त्यात काय?"

रविवारी सकाळी मी एक शीट तयार केली. नाव, स्टाफ नंबर आणि रूम नंबर छापलेले; घरचा फोन नंबर आणि नेटिव्ह प्लेस ज्याने त्याने आपल्या नावापुढे भरायचं. हा शेवटचा रकाना आमच्या प्रत्येक फॉर्मवर असतो. भारतात मी भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर तो होता. शीट कॅम्पच्या नोटीस बोर्डवर लावली आणि बाजूला पेन बांधलं.

सोमवारी दुपारी कॅम्प सुपरवायझर पॅट्रिक भरलेली शीट घेऊन आला. तोही त्याच देशाचा, आमच्याकडे नऊ वर्षं. चौसष्टपैकी त्रेसष्ट जणांनी नेटिव्ह प्लेसमध्ये राजधानीचं नाव लिहिलं होतं. मी शीट सरांना दाखवली.

"सगळे एकाच गावचे निघाले," मी म्हटलं.

"आपल्याकडे नाही का," सर हसले. "विचारलं की सगळे मुंबईचे. खरं गाव चिपळूणच्या पुढे तीस किलोमीटर."

मीही हसले. एकाच रकान्यात वेगळं नाव होतं. उत्तरेकडचं एक शहर. तो रकाना एमॅन्युएलचा होता.

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये चढला नाही.

पहिले दोन दिवस मी त्याच्या बंद फोनवर फोन करत राहिले. हॉस्पिटलं विचारून झाली. गुरुवारी सरांनी बोलावलं.

"किती दिवस झाले?"

"आज तिसरा."

"आठव्या दिवशी अ‍ॅब्स्काँडिंग रिपोर्ट जाईल."

कामगार कारण न देता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिला, तर तो पळून गेला असं कंपनी सरकारला कळवते. त्याला अ‍ॅब्स्काँडिंग रिपोर्ट म्हणतात. त्यानंतर माणूस सापडला की बहुधा त्याचं परमिट रद्द होतं आणि त्याला मायदेशी पाठवतात.

"सर, पाठवलं तर तो राजधानीच्या विमानतळावर उतरेल. उत्तरेकडचा माणूस."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"क्लायंट रोज फोन करतोय. मी त्याला काय सांगू, आमची मर्लिन मॅडम शोधतेय म्हणून?"

"सोमवारपर्यंत द्या."

"सोमवार त्याचा सातवा दिवस. मंगळवारी सकाळी दहाला मी सही करणार. मग खलास. माझ्याकडे यायचं नाही."

त्याच संध्याकाळी मी कॅम्पवर पॅट्रिकला स्टोअर रूममध्ये गाठलं. त्याने आधी दार लावलं, मग बोलला.

"मॅडम, शीटवर नेटिव्ह प्लेस कोणी टाकायला सांगितलं?"

"मीच टाकलं."

"का?"

"ज्यांच्या गावात गोळीबार चालू आहे, त्यांना फोन आधी मिळावा म्हणून."

तो म्हणाला, "आमच्याकडे रस्त्यावर गाडी अडवतात, तेव्हा हाच प्रश्न विचारतात. आधी नाव. मग गाव. गाव चुकीचं निघालं की खाली उतरवतात."

"म्हणून सगळ्यांनी राजधानी लिहिली?"

"मीही लिहिली. माझं गाव तिथून बसने एक दिवस लांब आहे."

"एमॅन्युएलने का नाही लिहिली?"

"रविवारी त्याची सुटी होती. शीटवर पहिलं त्यानेच लिहिलं. बघून लिहायला त्याच्या आधी कोणी नव्हतं."

"पण शीट तर तू लगेच मला आणून दिलीस. त्याचंच गाव वेगळं आहे हे त्याला कसं कळलं?"

पॅट्रिकने फोन काढून दाखवला. कॅम्पमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. पाणी बंद राहणार असेल तर तो कागद, मेसचा मेनू असेल तर तो कागद. सोमवारी माझ्याकडे येण्यापूर्वी त्याने भरलेल्या शीटचा फोटो टाकला होता. चौसष्ट नावं, त्रेसष्ट राजधान्या आणि एक उत्तरेकडचं शहर. ग्रुपमधल्या सगळ्यांनी तो पाहिला होता.

"माझा भाऊ आमच्या देशात पोलिसात आहे," पॅट्रिक म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत आहे. एमॅन्युएललाही. मी फोन करून त्याचं नाव कोणाला सांगितलं नाही, मॅडम. पण हे मी सांगितलं तर कोण ऐकणार?"

"दुसऱ्या कोणी सांगितलं असेल?"

"मला माहीत नाही. मलाही झोप नाही. माझी आई उत्तरेत असते."

त्याने तो फोटो माझ्यासमोर ग्रुपमधून काढला. मग एक पत्ता सांगितला. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फायबरच्या बोटी दुरुस्त करणारं एक वर्कशॉप. एमॅन्युएलच्या चर्चमधला एक जण तिथे कामाला होता.

"तू चल बरोबर," मी म्हटलं.

"मी दिसलो तर तो तिथूनही पळेल."

शनिवारी मी नवऱ्याला, अ‍ॅल्विनला, घेऊन निघाले. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरापासून पावणेदोन तासांचा रस्ता. मुलीला एकटं ठेवता येत नव्हतं. ती मागे बसली होती. "मम्मा, आर वी गोइंग टू द बीच?" तिने तीनदा विचारलं.

अ‍ॅल्विन गाडी चालवत होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"आपण वसईत पहिलं हेच विचारतो," तो म्हणाला. "कुठल्या गावचे, कुठल्या आळीचे. तुझ्या बाबांनी मला नाव विचारायच्या आधी आळी विचारली होती."

"आणि तू खोटं सांगितलं असतंस तर?"

"लग्न मोडलं असतं. जीव गेला नसता."



वर्कशॉपच्या फाटकावर एक वयस्कर पठाण खुर्ची टाकून बसला होता. त्याने माझं ऐकून घेतलं. "यहाँ ऐसा कोई नहीं है, सिस्टर."

"ठीक है. उसको बोलो, लिस्ट मैं लेके आई हूँ. असली वाला कागज."

"जो है ही नहीं, उसको कैसे बोलूँ?"

"इन्शाल्ला बोल देंगे आप."

तो उठून आत गेला. आम्ही गाडीत बसून राहिलो. वीस मिनिटांनी उलट्या ठेवलेल्या एका बोटीमागून एमॅन्युएल आला. अंगावर दुसऱ्याचा टी-शर्ट, पायात कंपनीचे काळे बूट. गाडीपासून दहा पावलांवर तो थांबला. आधी त्याने गाडीत कोण आहे ते पाहिलं. मागच्या सीटवर लहान मुलगी दिसल्यावर तो जवळ आला.

मी शीट दिली. त्याने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ वाचली. तेहेतिसाव्या ओळीवर, स्वतःच्या नावाशी, बोट थांबलं.

"याच्या कॉपी किती?"

"ऑफिसमध्ये एकही नाही. हीच एक."

"कॉम्प्युटरवर?"

"फोन नंबर मी वेगळे उतरवून घेतलेत. गावांची नावं कुठेच नाहीत."

"फोटो?"

"ग्रुपमधून काढलाय."

"चौसष्ट फोनमधून?"

खोटं सांगणं शक्य होतं. ते त्याला लगेच कळलं असतं.

"एमॅन्युएल, मंगळवारी सकाळी रिपोर्ट जाणार. त्यानंतर तू सापडलास तर तुला घरी पाठवतील."

"मला माहीत आहे."

"कॅम्पमध्ये परत येऊ नकोस. मी दुसरी साइट देते. दुबई मरीनाला एक टॉवर आहे. राहायची जागाही दुबईत. तिथे तुझ्या देशाचं कोणी नाही."

"सुपरवायझर?"

"केरळचा आहे."

त्याने कागदाच्या चार घड्या केल्या.

"फाडलास तरी चालेल," मी म्हटलं.

"नाही. मीच ठेवतो." त्याने तो बुटात सरकवला.

येतो की नाही, ते त्याने सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर मुलीला बीचवर नेलं. अर्धा तास थांबलो.

रविवारी त्याचा फोन बंदच होता. सोमवारी सकाळी नऊला मी मरीनाच्या त्या टॉवरच्या सुपरवायझरला फोन केला. कोणी आलेलं नव्हतं. अकराला केला. नाही. देशपांडे सर दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेले. रिपोर्टचा फॉर्म त्यांच्या टेबलावर भरून ठेवलेला होता. दुपारी पावणेदोनला सुपरवायझरचा मेसेज आला: एक गार्ड रिपोर्टेड, शूज ओके, शर्ट नॉट ओके. मी तो सरांना दाखवला.

"शर्ट पाठव," ते म्हणाले आणि फॉर्म श्रेडरमध्ये घातला.

सहा दिवसांची बिनपगारी रजा लागली. बाकीच्यांचे फोन मी स्टाफ नंबरच्या क्रमाने लावून दिले; एमॅन्युएलच्या घरचा नंबर लागत नव्हता. सरांनी मिनिटं विचारली नाहीत. आमच्या सगळ्या फॉर्मवरून नेटिव्ह प्लेसचा रकाना काढला. पॅट्रिकने सुपरवायझरचं काम सोडून साधी गार्डची ड्यूटी मागून घेतली. आता तो ग्रुपवर काही टाकत नाही.

देशातलं इंटरनेट निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. त्याच दिवशी एमॅन्युएलचं बहिणीशी बोलणं झालं, आणि संध्याकाळी त्याने मला फोन केला. दोन माणसं घरी येऊन गेली होती. गल्फमध्ये असतो तो मुलगा कोणता, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आईने फोटो दाखवला नाही. ती माणसं आमची शीट लागण्याच्या आधी आली की नंतर, ते बहिणीला सांगता आलं नाही. तिने आईला घेऊन ते शहर सोडलं. आता त्या दोघी दुसऱ्या एका गावी आहेत.

गावाचं नाव त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.