अण्णांनी धरलेला घोट

वैनींचा फोन ऑफिसात आला तो दुपारी, डबा खाऊन हात धुतले तेवढ्यात. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून बोलत होत्या. "सुमक्का, बेगा ये, लवकर. सकाळपासून तुझंच नाव काढतायत," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ऑटो चामराजपेटेत शिरेपर्यंत मी काय विचार करत होते ते आता आठवत नाही. दाराशी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकल्याबरोबर, सवयीनं, आधी अण्णांच्या गालांकडे पाहिलं. आजारी माणसाचे लोक डोळे बघतात, श्वास बघतात. आमच्या घरात आठ वर्षं आम्ही गाल बघत आलो. ते फुगलेले नाहीत ना, याची खात्री करायची आणि मगच बोलायचं... त्या दुपारी ते खोल गेले होते. अण्णांना जाऊन आता सव्वा महिना झाला, तरी घरात शिरताना माझी नजर आधी त्यांच्या मशीनकडेच जाते.

अण्णा माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा मी आठ वर्षांची. त्यांनीच मला वाढवलं, शाळेत घातलं, माझ्या वेण्यासुद्धा घातल्या. शिंप्याचा हात, त्यामुळे भांग कधी वाकडा पडला नाही. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. या कानडी गावात आमची ही चौथी पिढी, आमचं 'स्वल्प थांब' ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडाला पदर लावतात. अण्णांच्या हातात कला होती, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा माप बदलायला आलं की टेप त्याच्या अंगावर जायचा. "जमदग्नीला देवानं शिलाई मशीन दिलंय," असं वैनी म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. राग दुसऱ्या कुणावर असला की हसू येतंच.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मला नोकरी लागली होती आणि संध्याकाळी मी दुकानात हातभार लावायचे. एका नवरदेवाच्या सुटाची पँट इस्त्री करत होते. वैनींनी आतून हाक मारली, मी वळून 'ओ' दिली, आणि कापड जळल्याचा वास आला. अण्णा उठले. एकच मारली, डाव्या कानाखाली. कानात शिट्टी वाजू लागली, ती किती तरी दिवस वाजत राहिली. थांबली तेव्हा त्या बाजूचं सगळंच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, या कानाची आशा सोडा. अण्णा दवाखान्याच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्या गोष्टीबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कँटोन्मेंटात डेव्हिड मास्तरांकडे गेले. कोट शिवायला अण्णा त्यांच्याच हाताखाली शिकले होते. मास्तर म्हातारे, एकटे. कटिंगच्या टेबलावर कात्रीशेजारी त्यांचं कन्नड बायबल असे. त्यांनी अण्णांना त्यातली गोष्ट सांगितली, की भांडणाची सुरुवात म्हणजे बांधाला पडलेलं भोक, पाणी एकदा सुटलं की ते कुणाच्या हातात राहत नाही. शहर जिंकणाऱ्यापेक्षा स्वतःला आवरणारा मोठा, असंही सांगितलं. अण्णा एकादशी धरणारे, पण हा उपदेश त्यांनी अगदी मापाबरहुकूम घेतला. घरी येऊन तांब्याचा पेला घासला आणि भरून मशीनजवळ ठेवला. राग आला की एक घोट तोंडात धरायचा. थुंकायचं नाही, कारण मग पाणी सुटलं. राग गेला की गिळायचं.

काही महिन्यांनी मास्तर घरी आले आणि पेल्याची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, मी ह्याला तिथनं उठून जा म्हटलो होतो. पाणी तोंडात भर म्हणून कुठं म्हटलो?" मग जरा थांबून म्हणाले, "सरी, बिडू, असू दे. ताळिदवनु बाळियानु." सोसेल तो जगेल, असं कानडीत म्हणतात. निघताना माझ्या उजव्या बाजूला येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आणि तू, मगळे, पोरी? सूर्य बुडायच्या आत राग टाकावा, असंही त्याच पुस्तकात हाय." मी म्हटलं, "मला कुठला राग, मास्तर?"

पेल्याचा गुण आला, हे कबूल केलंच पाहिजे. आठ वर्षांत अण्णांनी कुणावर हात उचलला नाही. पण खरं सांगते, आरडाओरडा होता तेव्हा मला इतकी भीती वाटत नसे. मशीन मध्येच थांबायचं, पेला उचलल्याचा आवाज यायचा, आणि मग काहीच नाही. वैनी गॅस बारीक करायच्या. रस्त्यावरच्या बसचे हॉर्न तेवढे ऐकू येत. घशातून घोट उतरल्याचा आवाज आला की आम्ही श्वास सोडायचो. सुरुवातीला पेला दोन-तीन दिवस पुरे, शेवटी शेवटी तो दिवसातून तीनदा भरावा लागे. एवढा राग जातो कुठं, असं मला वाटायचं... पोटातच ना?

दोन वर्षांपूर्वी घरमालकाचा पुतण्या दुकान खाली करा म्हणून आला. तिथं कॉम्प्लेक्स उठवायचं होतं. अण्णा कापड बेतत होते. मी मध्ये काही बोलले तर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ई किवुडीला आत पाठव आधी." या बहिरीला. अण्णांच्या हातात मोठी कात्री होती. डाव्या हातानं त्यांनी पेला उचलला, घोट घेतला आणि त्या माणसाकडे बघत राहिले. कात्रीची पाती किंचित उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पुतण्याचा आवाज उतरत गेला आणि तो पायरीवरून जवळजवळ पळाला. अण्णांनी कात्री ठेवली तेव्हा तळहातावर तिच्या कड्यांचे वळ उठले होते. लोक म्हणाले, काय हा संयम! मला मात्र एवढंच वाटलं, की परक्या माणसासाठी घोट होता आणि माझ्या वाट्याला हात आला. त्या दिवशी मला कळलं, मास्तरांशी मी खोटं बोलले होते.

त्या शेवटच्या दुपारी डॉक्टर येऊन गेले होते आणि सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू घाल पाणी, तुझ्या हातचं पाहिजे त्यांना," असं म्हणून वैनींनी गंगाजलात तुळशीचं पान टाकून चमचा माझ्या हातात दिला. मी चमचा ओठांना लावला. पाणी आत गेलं, पण अण्णांनी गिळलं नाही. धरून ठेवलं. खोल गेलेले गाल हळूहळू भरले आणि डोळे माझ्यावर लागले. वैनी घाबरून म्हणाल्या, "अहो, गिळा की!" पण ते माझ्याकडेच बघत होते. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, स्वतःवर होता, आठ वर्षांपूर्वीच्या त्या हातावर. तो घोट उतरायला माझं एक वाक्य पुरलं असतं. अण्णा, माझा राग गेला. एवढंच. भिंतीवर पश्चिमेचं ऊन होतं आणि ते वर वर सरकत होतं. मी म्हटलं, "अण्णा, गिळा ना." दुसरं काही म्हटलं नाही. ऊन गेलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर ओघळलं.

पेला अजून मशीनजवळच आहे. वैनी रोज सकाळी तो घासून भरून ठेवतात आणि मी त्यांना अडवत नाही. परवा सुट्टी होती, दुकानात मी एकटीच बसले होते. एक घोट घेतला आणि तोंडात धरला. म्हटलं, सूर्य बुडायच्या आत गिळायचा. समोरच्या दुकानांत दिवे लागले, गाल दुखायला लागले, तरी तो खाली उतरेना... शेवटी मोरीत जाऊन थुंकले. वैनींनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला पुन्हा भरलेला होता.