मोटरा बंद ठेवल्या त्या दुपारी

माझं सासर उंब्रजजवळ, नदीकाठाला. सत्तरच्या दशकात तिथं दिवसा दिवा लावला, तर बल्बमध्ये नुसता लालसर धागा दिसायचा. साऱ्या मळ्यांतल्या पाणी उपसायच्या मोटरा एकदमच चालायच्या आणि घरात वीज पुरायची नाही. म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रेडिओच्या मागची विजेच्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, खुंटी कायमची दोनशेवर लावली होती. तिथं ठेवली, की कमी दाबातही रेडिओ नीट बोलायचा. मामंजी लष्करातून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळे त्यांनी लावलेली खुंटी हलवायची कुणाची टाप नव्हती.

एका उन्हाळ्यात आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, सांगलीच्या रेडिओ केंद्रावर जाऊन जात्यावरच्या ओव्या म्हणून आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "काय म्हणलं ते ध्यानातबी न्हाई. घसा लय कोरडा पडला हुता." स्वतःचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. तो लागणार होता एकदाच, दुपारी एक वाजता, बायकांच्या कार्यक्रमात. टेपरेकॉर्डर गावात कुणाकडंच नव्हता, त्यामुळे हुकलं की हुकलं.

त्या दिवशी साडेबारालाच आमचा सोपा बायकांनी भरून गेला. मी रेडिओ लावला. काय तो आवाज, खणखणीत. मी सगळ्यांकडं ऐटीत बघतेय तोवर आतून फट् झालं, जळका वास आला आणि रेडिओ मुका झाला. समोरच्या पट्टीतला दिवासुद्धा गेला.

आत्याबाई उठल्या. "ऱ्हाऊ द्या. माझा गळा काय लय गोड न्हाई. च्या टाकते, समद्याजणी घेऊन जावा," म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. इतक्या सहज बोलल्या, की मला रागच आला. महिनाभर ही बाई रोज रात्री मला विचारत होती, कार्यक्रमाला अजून किती दिवस.

माझ्या वडिलांचं सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, हे सासरी ठाऊक होतं. मी लग्नापर्यंत त्यांच्या शेजारी बसून सेट उघडत होते, हे मात्र ठाऊक नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमात आमच्या काकांनी "मुलीला भरतकामाची आवड" असं ठोकून दिलं होतं.

"मामंजी, मागचा पुठ्ठा काढते," मी म्हणाले.

"हात लावू नगं, सूनबाय. विजेचा खेळ हाय त्यो."

"आवं, तसाबी मेलेलाच हाय. आणिक काय मरणार?"

ते एक पाऊल मागं सरले. तीच परवानगी समजून मी पदर खोचला.

आतला फ्यूज जळला होता. धाकटे दीर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घेऊन पुढं आले, "वैनी, ही गुंडाळा, काम भागतंय." मी त्यांच्यावर खेकसलेच. फ्यूज जळतो तो कशामुळं तरी. चांदी लावली तर उरलासुरला रेडिओही जळाला असता. वडील म्हणायचे, मेलेल्या सेटला थेट वीज देऊ नये, आधी बल्बला विचारावं. मी देवघरातला बल्ब होल्डरसकट काढून आणला आणि रेडिओच्या आत जळलेल्या फ्यूजच्या जागी जोडला. बल्ब भगभगीत पेटला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. मंद राहिला तर ठीक.

भगभगीत पेटला.

घड्याळात पाऊण वाजला होता. वीज बंद करून मी रेडिओला पुढं वीज वाटणारी काचेची नळी उपसली, पुन्हा चालू केलं. बल्ब मंदावला. मला हसूच फुटलं, कारण ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. तो गेला असता तर थेट सांगली गाठावी लागली असती. दोष नळीच्या पुढं, आणि तिथं विजेतली घरघर गाळणारा ॲल्युमिनियमचा जाडजूड कंडेन्सर बुडाशी फुगून बसला होता. हात लावला तर गरम. चोर सापडला, पण पक्कड कुठाय? मी आत्याबाईंच्या चंचीतून अडकित्ता घेतला आणि त्याची तार कचकन कापली. नळी परत बसवली. बल्ब क्षणभर उजळला आणि हळूहळू निवला.

पण मघाशी बल्ब इतका पांढरा पेटला कसा? दिवसा तर नुसता लाल धागा दिसतो. "मोटरा चालू न्हाईत काय?" मी विचारलं.

"समद्या बंद ठेवल्यात," दीर छाती काढून म्हणाले. "सकाळपासनं मळ्यामळ्यांत सांगत हिंडलोय. आयचा आवाज बारीक येऊ नये म्हून."

हसावं की रडावं, कळेना. गावानं मायेनं पाणी थांबवलं होतं, आणि तोच सगळा दाब आमच्या दोनशेवरच्या रेडिओत शिरला होता. मी मामंजींकडं बघितलं. ते खुंटीकडं बघत होते.

"सरकीव," ते म्हणाले.

खुंटी दोनशेचाळीसवर नेली, बल्ब काढून फ्यूजच्या जागी वायरीतली केसाएवढी तार लावली. रेडिओ तापेपर्यंत सोप्यात कुणी हललं नाही. मग भुंग्यासारखी घुंघुं सुरू झाली. कंडेन्सर कापल्यावर ती येणारच होती. कार्यक्रम सुरू झाला होता. निवेदिकेनं आमच्या गावाचं नाव घेतलं आणि त्या घुंघुंमधून ओवी उमटली. असा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

आत्याबाई चहाचं पातेलं घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि रेडिओसमोर येऊन बसल्या.

"ही तर माझी आय हाय," त्या म्हणाल्या.

त्यांची आई त्यांच्या लग्नाआधीच वारली होती. तिचा फोटोसुद्धा नव्हता. बायकांपैकी कुणी "आवं, तुमीच हाय न्हवं का," असं म्हणायला गेली, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं.

ओव्या संपल्या, कार्यक्रम संपला, उसाच्या खताची माहिती सुरू झाली. बायका चहा पिऊन गेल्या, नदीकाठच्या मोटरा सुरू झाल्या, आवाज अगदी बारीक झाला. मी बंद करायला हात पुढं केला, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"बंद करू नगं," म्हणाल्या. "आणिक एक म्हणंल ती."